ठेक्यावरचं बोलणं

कुणी नाव विचारलं की शिवांजलीच्या नावातला पहिलाच 'शि' असा काही अडायचा, की जबडा घट्ट, मान ताठ, डोळे विस्फारलेले, आणि आवाज शून्य. तोतरं बोलणाऱ्याचं अक्षर दोन-तीनदा येतं असं लोकांना वाटतं. तिचं अक्षर यायचंच नाही. समोरचा माणूस क्षणभर वाट बघायचा, मग हसायचा नाहीतर दुसरीकडे बघायचा, आणि तेवढ्यात आई पुढे होऊन म्हणायची, "शिवांजली हाय तिचं नाव. लाजती जरा."

शाळेत हजेरीत तिचा नंबर एकतीस. पंचविसाव्या नंबरापासूनच ती तोंडातल्या तोंडात 'हजर' घोळवायला लागायची, आणि जितकी घोळवायची तितका तो 'ह' घशात रुतून बसायचा. बाई वर न बघता पुढच्या नावाला जायच्या. सातवीच्या वर्षात शिवांजली एकही दिवस घरी राहिली नव्हती, तरी वर्षअखेर तिच्या नावापुढे एकेचाळीस दिवस गैरहजेरी निघाली. वडलांनी विचारलं, "कुठं फिरत हुतीस?" तिला सांगता आलं नाही.

वडील मृत्युंजयअण्णा हार्मोनियम दुरुस्त करायचे. महाद्वार रोडच्या आतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या, मठांच्या, शाळांच्या पेट्या तिथं यायच्या. उंदरांनी कुरतडलेले भाते, आतल्या सुरांच्या गंजलेल्या पट्ट्या. अण्णा एकेक पट्टी कानाशी धरून कानसेनं घासत सूर लावत बसायचे. पेटी जरा जरी बेसूर वाजली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कोल्हापुरात त्यांच्या कानाला मान होता. कुठं गायनाची स्पर्धा असली की पेटीच्या साथीला त्यांनाच बोलावणं यायचं.

आणि त्यांची ही मुलगी गायची मात्र सुरेख. सोमवारी मठात वचनं, म्हणजे जुनी शिवभक्तीची पदं, म्हणायला बसली की एक अक्षर अडखळायचं नाही. ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. अण्णांना वाटायचं, दोष जिभेत नाहीच. "गाताना अडत न्हाय, मग बोलताना कसं अडतंय? मन लावून बोलत न्हाईस तू." शिवांजलीला उत्तर ठाऊक होतं. गाण्यातले शब्द दुसऱ्या कुणाचे असतात. ते आधीच ठरलेले असतात, त्यांची वाट कुणीतरी पाडून ठेवलेली असते. स्वतःचं वाक्य मात्र स्वतःच काढावं लागतं, आणि तिथंच तिची दातखीळ बसायची.

ती दहावीला असताना, नव्याण्णव सालच्या दिवाळीत, तिचा आत्तेभाऊ अमरेश बंगळूरहून आला. तो तिथं कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडे वॉकमन होता आणि इंग्रजी कॅसेटी होत्या. त्यानं गंमत म्हणून तिच्या कानाला लावलं. एक माणूस भराभरा बोलत होता आणि खाली एकसारखा ठोका पडत होता. इंग्रजी तिला काडीचं कळत नव्हतं. पण हा गात नाही, बोलतोय, एवढं तिला कळलं. गाण्यासारखा ठोक्याला धरून, पण बोलतोय. मध्ये कुणी त्याला तोडत नाही, आणि तो अडत नाही. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. खुणेनंच.

"रॅप म्हनत्यात ह्येला," अमरेश म्हणाला. "हिप-हॉप. तिकडं अमेरिकेत गल्लीबोळातली पोरं करत्यात. आपापलं रडगानं सांगत्यात."

जाताना तो एक कॅसेट ठेवून गेला. शिवांजलीनं ती महिनाभर ऐकली. मग एके दिवशी आईनं वाणसामानाला धाडलं तेव्हा नेहमीसारखी चिठ्ठी घेतली नाही. दुकानासमोर उभी राहिली. मांडीवर बोटांनी चार ठोके धरले आणि पाचव्या ठोक्याला तोंड उघडलं. "अर्धा किलो साखर द्या, पावशेर शेंगदानं, वरनं थोडा गूळ बांधा, लिवून ठेवा नावानं." दुकानदार मान वर करून बघतच राहिला. सामान घेऊन ती बोळात शिरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सोळा वर्षांत तिनं घराबाहेरच्या माणसापुढं न अडता म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्यानंतर ती वहीत लिहायला लागली. स्वतःचं, आपल्या बोलीत, ठोक्यावर. अण्णा घरी नसताना डब्यावर ताल धरून म्हणायची. ही जादू आहे, कुणाला दाखवली की विरून जाईल, अशी धास्ती तिला पाच वर्षं होती. तरी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिनं स्नेहसंमेलनाच्या निवड फेरीत नाव दिलं. मैत्रीण अनुजानं जवळजवळ ओढतच नेलं. कार्यक्रमात दोनच विभाग होते, गायन आणि वक्तृत्व. तिचं नाव गायनात लागलं, आणि साथीला पेटीवर अण्णा बसले होते.

वडलांना पाहून परत फिरावं असं तिच्या मनात आलं, पण नाव पुकारलं होतं. तिनं माइकच्या दांड्यावर ठोका धरला.

"बाकावर हजर मी, वहीत गैरहजर, तोंडातच अडकला की माझा 'हजर'..."

अण्णांचे हात पेटीवर तसेच राहिले. वाजवायचं काय, हे त्यांना समजेना. मागच्या बाकांवरून पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिनं आठ ओळी पुऱ्या केल्या. परीक्षक सर म्हणाले, "हे गायन नाही. वक्तृत्वात टाकावं तर तेही नाही." आणि अण्णांकडे वळून, "मृत्युंजयअण्णा, तुमचा कान मोठा. तुम्हीच सांगा, संगीत म्हणायचं का हे?"

अण्णांनी मुलीकडे पाहिलं नाही. "सूर न्हाय, चाल न्हाय. संगीत न्हाय म्हनता यायचं."

नाव कटलं. घरी जाताना स्कूटरवर अण्णा म्हणाले, "येवढा गोड गळा दिलाय देवानं, आनि तू भांडल्यागत बडबडतीस. चारचौघांत मान खाली गेली माझी." मागं बसलेली शिवांजली काही बोलायला गेली. घर आलं तरी पहिलं अक्षर बाहेर पडलं नव्हतं. त्या दिवशी तिनं वही ट्रंकेत टाकली. जीभ पुन्हा पूर्वीसारखी झाली, किंबहुना जास्तच. ती पुन्हा वाण्याकडे चिठ्ठी घेऊन जात राहिली.

दोन हजार पाचच्या जुलैत शिरोळकडच्या आत्याचा पाय मोडला. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण शांतव्वा, अमरेशची आई. गावापासून लांब चिंचेच्या मळ्यात एकटीच राहायची. अमरेशला रजा मिळेना, आणि श्रावण तोंडावर आल्यामुळे अण्णांच्या दुकानात पेट्यांचा ढीग पडलेला. म्हणून शिवांजलीला धाडलं.

पंधरा दिवस बरे गेले. शांतव्वा निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची आणि उत्तराची वाट बघत नसे, त्यामुळे शिवांजलीला तिच्याजवळ भीती वाटत नसे. मग पाऊस लागून राहिला. कृष्णेचं पाणी उसात शिरलं. ग्रामपंचायतीचा माणूस गाडीवर भोंगा लावून फिरला. लोकांनी गावातल्या शाळेत यावं, अडचण आली तर शाळेतल्या फोनवर कळवावं. शिवांजलीनं नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला. शांतव्वा हलायला तयार नव्हती. "ह्या मळ्याला कधी पानी लागलं न्हाय." तरी मळ्यातल्या गड्यांनी संध्याकाळी तिला खाटेसकट उचलून माळ्यावर ठेवलं आणि सकाळी ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणून जनावरं हाकत निघून गेले.

सकाळी उजाडलं तेव्हा ट्रॅक्टरची वाटच नाहीशी झाली होती. जिथवर नजर जाईल तिथवर तांबूस पाणी, आणि त्यातून वर आलेले उसाचे शेंडे. अंगणातली विहीर पाण्याखाली गेली होती आणि उंबऱ्याला पाणी लागलं होतं. शिवांजलीनं माळ्यावर पीठ, काडेपेटी, पाण्याची घागर चढवली. तेवढ्यात पाणी पुढच्या सोप्यात गुडघाभर झालं. चुलीजवळचा रिकामा डबा तरंगत दाराकडे निघाला. मागल्या भिंतीची माती ढपल्याढपल्यानं सुटून पाण्यात पडत होती.

"फोन लाव, मगळे, पोरी," माळ्यावरून शांतव्वा ओरडली. "शाळंत फोन लाव."

फोन सोप्यातल्या लाकडी फळीवर होता. वायर आखूड, माळ्यापर्यंत पोचणारी नव्हती. फोन शिवांजलीलाच करावा लागणार होता. पुरापेक्षा तिला त्या काळ्या रिसिव्हरची भीती जास्त वाटली, हे तिनं पुढं स्वतःच कबूल केलं. समोर माणूस असला तर त्याला निदान तोंड वेंगाडलेलं दिसतं. फोनवर नुसती शांतता जाते.

तिनं नंबर फिरवला. लागला.

"हॅलो, शाळा. कोन बोलतंय?"

'शांतव्वा' म्हणायचं होतं. 'श' आला नाही. जबडा आवळला, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"हॅलो? आरं बोला की. हॅलो..." आणि फोन ठेवल्याचा आवाज.

तिनं पुन्हा लावला. या वेळी 'मळा' म्हणू, 'म' सोपा आहे, असं ठरवलं. 'म' सुद्धा ओठांतच मिटला. पलीकडून माणूस वैतागला. "कोन चेष्टा कराय लागलंय? हितं मानसं बुडाय लागल्यात आनि तुमी लाइन अडवून बसलाय व्हय?" पुन्हा खट्ट.

पाणी मांडीला लागलं होतं. शिवांजली फळीला धरून रडायला लागली. गाता येतं ना आपल्याला, मग गाऊन सांगू, असं तिच्या मनात आलं. तिनं वचनाची चाल धरली, पण चालीबरोबर तेच जुने शब्द यायला लागले. त्या चालीत मळा कुठं आहे ते सांगायला जागाच नव्हती.

"अंजबेड," वरून शांतव्वा म्हणाली. भिऊ नको. पण तिचा स्वतःचाच आवाज कापत होता.

शिवांजलीनं डोळे मिटले. कितीतरी महिने तिनं ठोका धरला नव्हता. आता तो दगा देईल, याचीच तिला खात्री वाटत होती. ओल्या तळव्यानं तिनं फळीवर मारलं. एक, दोन, तीन, चार. हात थांबू दिला नाही. सहाही ओळी आधी मनात जुळवल्या, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बसल्या. पाणी कमरेला आलं. एका हातानं नंबर फिरवला, दुसरा हात फळीवर चालूच.

"हॅलो," पलीकडचा आवाज आता चिडलेला होता, "कोन हाय त्ये ठक ठक..."

"चिंचेचा मळा, वढ्याच्या कडंला,
पानी शिरलंय घरात, आलंय कमरंला.
माळ्यावर आत्ती, मोडलाय पाय,
उचलून न्यायला मानूस न्हाय.
म्होरच्या अंगाला उघडी हीर,
मागनं या दादा, लावू नका उशीर."

पलीकडचा माणूस म्हणाला, "गानं म्हनतीयस व्हय गं?"

तिला उत्तर देता येईना. ठोका सोडला असता तर सगळंच गेलं असतं. हात चालू ठेवून तिनं त्याच सहा ओळी पुन्हा म्हटल्या. या वेळी त्या माणसाचा श्वास ऐकू आला, आणि कागदाची सळसळ.

"चिंचेचा मळा. शांतव्वाचा न्हवं का? आनिक एकदा म्हन बाई, हिरीचं काय म्हनालीस?"

तिनं तिसऱ्यांदा म्हटलं.

"लिवलं. केरबाची होडी धाडतो. माळ्यावर जाऊन बस, खाली थांबू नगंस."

ती शिडी चढून वर गेली. पुढचे दोन-अडीच तास तिनं आणि शांतव्वानं एकमेकींचे हात धरून काढले. फळी पाण्याखाली गेली, फोनही गेला. मागच्या भिंतीचा एक कोपरा कोसळला आणि आख्खं घर हादरलं. शांतव्वा मोठ्यानं शिवनाम घ्यायला लागली. 'त्यानं खरंच लिहून घेतलं असेल का? का गाणं समजून हसला असेल?' हा एकच विचार शिवांजलीच्या डोक्यात फिरत राहिला.

दुपारी मागच्या बाजूनं हाक आली. "चिंचेचा मळा ह्योच काय?" केरबा आणि त्याच्याबरोबरचे दोघे पडक्या कोपऱ्यातूनच आत शिरले. शांतव्वाला चादरीच्या झोळीत घालून खाली उतरवलं. होडी घराला वळसा घालून निघाली तेव्हा केरबानं बांबूनं पुढच्या अंगणाकडे दाखवलं. पाणी तिथं गिरकी घेत होतं, आणि पाण्याखाली वीतभर विहिरीवरचा लोखंडी सांगाडा होता. "सरळ आलो असतो तर होडीचा तळ फाटला असता," तो म्हणाला. "चिठ्ठीत लिवलं हुतं म्हनून मागनं आलो." शिवांजलीनं तिकडं बघितलं आणि मग होडीच्या तळाकडे नजर लावून बसली ती शाळा येईपर्यंत.

अण्णा चौथ्या दिवशी पोचले. रस्ते बंद होते. दुधाच्या टँकरमधून, मग ट्रॅक्टरवरून, मग चालत. चिखलानं बरबटलेले पाय घेऊन ते शाळेच्या वर्गात शिरले आणि बहिणीच्या खाटेशी मटकन बसले. फोन घेणारा पिराजी, ग्रामपंचायतीचा शिपाई, तिथंच होता.

"तुमची लेक व्हय ही, पावनं? आवो, दोनदा मीच फोन आपटला. मला वाटलं कोन टवाळ पोरगं हाय. तिसऱ्यांदा हिनं असं सांगितलं की अजून माझ्या डोक्यातनं जाईना." आणि बाकावर थाप मारत पिराजीनं सहाच्या सहा ओळी म्हणून दाखवल्या. छावणीतल्या बायकाही शेवटच्या ओळीला त्याच्यात मिसळल्या. त्यांनाही पाठ झालं होतं.

अण्णा ऐकत होते. त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. शिवांजली दारात उभी होती आणि 'संगीत न्हाय' हेच पुन्हा ऐकायला मिळणार असं धरून चालली होती.

अण्णांनी विचारलं, "दुसऱ्या वळीत मात्रा जास्ती हायत. पैल्या वळीपरास जास्ती. तितं काय केलंस तू?"

ती गडबडली. 'प' ओठांतच अडला, मग एकदम सुटला. "पळवलं."

"म्हंजे दुगुनीकडं नेलंस. आनि ठोका?"

"ठोका... त्योच."

"व्हय. ठोका हलला असता तर पडली असतीस." त्यांनी गुडघ्यावर तो ठोका पुन्हा धरून बघितला. "आनि हिरीच्या वळीला सावकाश केलंस. म्हनून त्याला लिवता आलं."

तिनं मान हलवली. वडील आपल्याशी गवयाशी बोलावं तसं बोलतायत, हे कळायला तिला जरा वेळ लागला. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा.

कोल्हापूरला परतल्यावर एका सकाळी दुकानात पट्टी घासता घासता अण्णा म्हणाले, "कॉलेजात मी सूर न्हाय म्हनलो. सूर न्हाईच हाय त्येला. पन लय हाय, आनि लय म्हंजे निम्मं संगीत. मी निम्मंच ऐकलं बघ. माझा कान पेटीचा. जे पेटीत बसत न्हाय त्ये मला ऐकूच आलं न्हाय." मग दुपारी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, ते कॉलेजात जाऊन परीक्षक सरांना तसं सांगून आले. सर म्हणाले, बघू. त्याचं पुढं काही झालं नाही.

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीपुढं शिवांजलीनं पुरावर लिहिलेलं म्हटलं. अण्णांनी पेटी घरी ठेवून ढोलकी घेतली. मांडवातल्या स्टेजवर चढताना तिला वाटलं, आपण इथं अडणार. तिसऱ्या ओळीला ती खरोखरच अडली. कुणीतरी शिट्टी मारली. अण्णांनी ठेका सोडला नाही, तोच-तोच फिरवत राहिले, आणि चौथ्या आवर्तनाला ती परत त्यात शिरली. दोन म्हातारे उठून गेले. मंडळाचे अमरसिंह काका कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "अण्णा, तुमच्यासारख्या मानसानं असल्या थिल्लर प्रकाराला साथ द्यावी? आदर ठेवावा असं काय हाय त्यात?"

अण्णा ढोलकीची दोरी सैल करत होते. "तुमी आयुष्यात किती भजनं ऐकली, काका?"

"हजारभर तरी."

"त्यातल्या कितीकांनी मानसाला जसं हाय तसं बोलाय लावलं?" अमरसिंह काका मांडव आवरायला वळले. काकांना पटलं असं मात्र झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तिचं नाव कार्यक्रमात घेतलं नाही.

शिवांजली आता त्याच दुकानात बसते. पेट्या घेऊन येणाऱ्यांशी बोलते. जीभ सुटली असं नाही, रोज अडते, भीती रोज वाटते. रविवारी सकाळी मागच्या खोलीत पाच-सहा जणी जमतात. एकीला नवऱ्याच्या घरच्यांपुढं बोलता येत नाही, एकीला मुलाखतीत नाव सांगता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांच्यातली कुणीच काही बोलत नाही. शिवांजली त्यांना डबा पुढं करते आणि म्हणते, आधी नुसतं वाजवा, शब्द मागनं येतील, नाही आले तरी चालतंय. पुढच्या खोलीतून अण्णा ओरडतात, "लय पळाय लागली, सावकाश," आणि बायका दचकून हात आवरतात.